पायघोळ झग्यातला महापौर

महापालिकेच्या सभांच्या बातम्या देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. महापौर अडीच वर्षांचा, त्याने फिती कापायच्या, मानपत्रं द्यायची. खरा कारभार आयुक्तांच्या हाती. हे चित्र डोळ्यांत भरलेलं असल्यामुळे फ्रान्समधल्या दिजाँच्या फेलिक्स कीर यांची हकिकत मी जरा अविश्वासानेच वाचली. कॅथलिक पाद्री, 23 वर्षं महापौर, त्याच काळात खासदार आणि शिवाय एका पेयाला त्यांचं नाव!

फ्रान्समध्ये नगरसेवक आपल्यातूनच महापौर निवडतात. मुदत सहा वर्षांची आणि पालिकेच्या प्रशासनाचा प्रमुखही तोच. कायदेशीर लग्न लावण्याचा अधिकारसुद्धा महापौराचा. म्हणजे चर्चमध्ये लग्नाला आशीर्वाद देणाऱ्या कीर यांना पालिकेत सरकारतर्फेही लग्न लावता येत होतं! ज्या देशाने 1905 मध्ये कायदा करून धर्म आणि शासन वेगळं केलं, तिथे ही मोठीच गंमत.

कीर यांचा जन्म 1876 चा, बर्गंडीतल्या आलीझ-सँत-रेन गावचा. 1901 मध्ये ते पाद्री झाले. पुढची बरीच वर्षं चर्चच्या कामात आणि वर्तमानपत्री लिखाणात गेली. आयुष्याला वळण मिळालं ते चौसष्टाव्या वर्षी. जून 1940 मध्ये जर्मन फौजा जवळ येताच दिजाँचे तेव्हाचे महापौर शहर सोडून गेले. कारभार पाहायला जी समिती नेमली, तिच्यात कीर होते. शहरालगतच्या लाँगव्हिकच्या छावणीतून फ्रेंच युद्धकैद्यांना निसटायला त्यांनी मदत केली, त्यापायी अटकही भोगली. जानेवारी 1944 मध्ये जर्मनधार्जिण्या फ्रेंचांनी घरात घुसून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जखमी झाले, पण वाचले. सप्टेंबरमध्ये शहर मुक्त झालं आणि पुढच्या वर्षी दिजाँकरांनी त्यांना महापौरही केलं आणि खासदारही. अडचणीच्या वेळी कोण थांबलं, हे मतदार विसरले नव्हते.

पॅरिसच्या संसदेत ते काळा पायघोळ झगा घालूनच जात. 1958 मध्ये पाचव्या प्रजासत्ताकाची पहिली लोकसभा भरली, तेव्हा वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून अध्यक्षस्थानी हेच होते. जिभेला धार होती, पण मनात सोवळं नव्हतं. शीतयुद्ध ऐन भरात असताना, 1959 मध्ये त्यांनी दिजाँचं नातं थेट स्टालिनग्राडशी जोडलं. पुढच्या वर्षी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह दिजाँला आले, पण पाहुण्यांचं स्वागत करायला बिशपांनी कीर यांना मनाई केली. महापौराला जे करायचं होतं, ते पाद्र्याला करता आलं नाही.

पाहुणचाराची मात्र त्यांना भारी हौस. पालिकेत आलेल्या पाहुण्याच्या हाती ते एक ग्लास देत: तळाशी ब्लॅक करंटचं गोड, जांभळट-काळं मद्य, म्हणजे कासिस, आणि वरून आलिगोते द्राक्षांची आंबटसर पांढरी वाइन. ओतता ओतता ग्लासात गुलाबी रंग चढतो. हे मिश्रण बर्गंडीत आधीपासून होतं; पण शहराच्या दोन्ही मालांची जाहिरात एका घोटात होते, हे कीर यांनी हेरलं. पुढे आपलं नाव वापरायची परवानगी त्यांनी आधी एका कासिस उत्पादकाला दिली, नंतर इतरांनाही. साहजिकच भांडण कोर्टात गेलं आणि 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या उत्पादकाच्या बाजूने निकाल दिला. तोवर ‘कीर’ जगभरच्या बारमध्ये पोचलं होतं.

दिजाँकरांच्या रोजच्या उपयोगाचं काम वेगळंच. ऊश नदी अडवून त्यांनी शहराच्या कडेला कृत्रिम तलाव बांधून घेतला. 1964 मध्ये तो पुरा झाला. आज लोक तिथे फिरायला, नाव वल्हवायला जातात. त्यालाही नाव कीर यांचंच.

महापालिका आणि संसद अशा दोन खुर्च्या एकदम सांभाळणं ही फ्रान्सची जुनी रीत. शहराचं काम थेट पॅरिसला रेटता येतं, हा तिचा फायदा. एकाच माणसाच्या हाती दोन्हीकडच्या चाव्या जातात, हा तोटा. 2014 च्या कायद्याने ही रीत मोडली आणि 2017 पासून खासदाराला महापौर राहता येत नाही. हा कायदा मला पटतो. पण कीर यांच्यावर निवडीची पाळी आली असती, तर त्यांनी पॅरिस सोडलं असतं, असं माझं मत. 1967 मध्ये त्यांची खासदारकी संपली. दिजाँचं महापौरपद मात्र त्यांनी 1968 मध्ये, 92 व्या वर्षी, मरेपर्यंत सोडलं नाही.