सभेत बोलताना (भाग ७) : हैदराबादेत चहाचा इतिहास सांगायचा तर

व्याख्यानाचा विषय आवाक्यात कसा आणावा, हे मागील भागात पाहिले. या वेळी एक विषय प्रत्यक्ष मांडून पाहू. विषय चहाचा इतिहास, गाव हैदराबाद आणि श्रोते इथले मराठी भाषक. विवेकवर्धिनीसारखी संस्था १९०७ पासून चालवणारा हा समाज व्याख्यानांना सरावलेला आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे सभेतल्या कित्येकांची मुळे औरंगाबाद, परभणी, नांदेडकडची. त्यांना ढोबळ माहिती पुरत नाही.

चहावर बोलणारे बहुतेक वक्ते चीनच्या शेन नुंग राजापासून सुरुवात करतात. उकळत्या पाण्यात पाने पडल्याची ती दंतकथा गोड आहे. पण तिथून निघालेला वक्ता हैदराबादेत पोचेपर्यंत वेळ संपतो. म्हणून इथे उलट यावे. आबिड्सच्या ग्रँड हॉटेलात किंवा चारमिनारजवळच्या निमरामध्ये मिळणारा इराणी चहा समोर धरावा आणि विचारावे, यात इराणचे काय आहे?

इराणात चहा बिनदुधाचा पितात, खडीसाखरेचा किंवा साखरेचा खडा दातांत धरून. इराणची चहाची लागवडही हिंदुस्थानातून गेलेली. इराणचे वाणिज्यदूत म्हणून हिंदुस्थानात आलेले काशिफ-उस-सल्तनेह कांगड्याकडे लागवड शिकले आणि १९००च्या सुमारास त्यांनी रोपे लाहिजानला नेली. लाहिजानमधली त्यांची समाधी आज चहाचे संग्रहालय आहे. मग इराणचे उरले ते हॉटेलवाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द, केरमान भागांतून माणसे मुंबईला आली, तिथून पुण्याला आणि हैदराबादला पोचली, आणि त्यांनी चौकाचौकांत हॉटेले काढली. अर्क झाकण बंद करून मंद आचेवर दमावर ठेवायचा, दूध वेगळे आटवायचे आणि कपात दोन्ही एकत्र करायचे, ही इथली रीत. दम म्हणजे काय, हे बिर्याणीच्या शहरात समजावून सांगावे लागत नाही.

आता पानाकडे वळावे. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांना आसामात सिंगफो लोकांकडे रानटी चहाची झाडे असल्याचे कळले. सिंगफो ते पान आधीपासून वापरत होते, हे वाक्य व्याख्यानात गाळू नये. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनमध्ये लिलावात विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी आसाम कंपनी निघाली. मळ्यांसाठी छोटा नागपूर आणि इतर भागांतून मजूर नेले गेले. करार मोडून निघून जाणे हा त्यांच्यासाठी गुन्हा होता. १९२१ च्या मे महिन्यात चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले, तेव्हा चांदपूरच्या रेल्वे स्टेशनवर त्यांच्या अंगावर गुरखा शिपाई घालण्यात आले. चहाच्या व्याख्यानात यासाठी पाच मिनिटे राखलीच पाहिजेत. मजुरांना वगळून सांगितलेला चहाचा इतिहास मला खोटा वाटतो.

इतके पीक निघूनही देशात चहा पिणारे थोडेच होते. सुरतेच्या व्यापाऱ्यांमध्ये मसाले घालून चहा उकळण्याची रीत ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने १६८९ मध्ये पाहिली होती, पण तो चीनकडून आलेला चहा आणि पिणारे मोजके. घरोघरी चहा नेण्याचे काम जाहिरातीने केले. १९०३ मध्ये निर्यातीवर चहा-उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३३ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीला आळा बसताच उरलेला माल देशातच खपवणे भाग पडले. मग गाड्या, स्टेशने, गिरण्या आणि बाजार यांतून चहा करून दाखवणे, वाटणे, पाट्या लावणे वाढले. प्रचारकांना दूध-साखर बेतानेच हवी होती. लोकांनी ती आपल्या मनाप्रमाणे घातली. त्याच दशकात आसामात विल्यम मॅकर्चर यांचे, पाने चिरडून, फाडून, वळणारे सीटीसी यंत्र आले. त्याची गोळीदार पत्ती दुधात गडद उतरते आणि थोडक्यात जास्त कप होतात. हॉटेलवाल्याला तीच हवी होती.

एवढ्यात चाळीस मिनिटे सहज जातात. त्यानंतर श्रोते इराणी चहासोबतच्या उस्मानिया बिस्किटाबद्दल हमखास विचारतात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाशी ते जोडले जाते. रुग्णालयातल्या आजाऱ्यांसाठी ते केले गेले, ही गोष्ट सांगायचीच तर ‘असे म्हणतात’ हे शब्द जोडून सांगावी. ऐकीव आणि नोंदलेले वेगळे ठेवले की श्रोता वक्त्यावर विश्वास ठेवतो.

शेवटी श्रोत्यांना एक प्रश्न विचारावा: तुमच्या घरात पहिल्यांदा चहा कोणी सुरू केला आणि कोणी विरोध केला? हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या पिढीत घरोघरी हा निर्णय झालेला असतो आणि तो कोणत्याही कागदावर नसतो. मिळालेली उत्तरे नाव, गाव आणि अंदाजे साल यांसह वहीत उतरून घ्यावीत. निजाम राज्यातल्या मराठी घरांत चहा कसा शिरला, याची सामग्री अशाच सभांतून गोळा होऊ शकते, आणि ती गोळा करणारा वक्ता पुढच्या गावी जास्त काहीतरी घेऊन जातो.

पुढील भागात : नकाशा, चित्रे आणि नमुने व्याख्यानात कधी आणि किती वापरावेत.