दहावीनंतरची वाट : नाशिकमधील विद्यार्थी-मार्गदर्शनाचा मागोवा

शालेय शिक्षण संपल्यावर पुढे काय करायचे, हे ठरवायला विद्यार्थ्याला जाणत्या माणसाची मदत मिळाली पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात स्वातंत्र्याच्या आसपास रुजू लागला. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे मार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि त्यातूनच पुढे राज्याची व्यवसाय मार्गदर्शन संस्था उभी राहिली. मुलांच्या बौद्धिक व अभिरुची चाचण्या घेणे, व्यवसायांची माहितीपत्रके काढणे आणि शिक्षकांना ‘करिअर मास्टर’ म्हणून तयार करणे ही तिची कामे होती. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत मार्गदर्शनाची सोय असावी असे म्हटले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात आणखी नेमकी शिफारस केली : दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक. ही शिफारस माफक होती आणि परवडण्याजोगीही होती. तरीही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बहुतेक शाळांनी असा समुपदेशक कधी पाहिला नाही. मुंबई-पुण्यातल्या मोजक्या शाळा सोडल्या, तर मार्गदर्शनाचे काम वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि घरातला शिकलेला नातेवाईक यांच्यावरच राहिले.

नाशिकही याला अपवाद नव्हते. मात्र इथल्या मुलांसमोर कामाच्या काही वाटा उघड दिसत होत्या. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस होता, १९२८ मध्ये त्याच्या जोडीला नोटांचा छापखाना आला. ओझरला १९६४ मध्ये ‘एचएएल’चा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूरला औद्योगिक वसाहत झाली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ‘मायको’सारखा मोठा कारखाना आला. पुढे अंबडही कारखान्यांनी भरले. त्यामुळे मॅट्रिक झालेल्या मुलाला मिळणारा सल्ला ठरलेला असे. हुशार असेल तर एचपीटी महाविद्यालयात जा, तेथून इंटर सायन्स कर आणि मग मेडिकल किंवा इंजिनिअरिंगकडे वळ. गुण बेताचे असतील तर आयटीआय करून ‘प्रेसमध्ये नाहीतर एचएएलला चिकटून’ घे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ मुले घेण्याचे बंधन घातले होते, त्यामुळे फिटर, टर्नर, मशिनिस्ट या शब्दांना नाशिकच्या घराघरांत वजन आले. या सल्ल्यामागे मानसशास्त्र नव्हते. पण त्याच्या टोकाला खरी नोकरी होती आणि सल्ला देणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहिलेली असे. नंतरच्या काळातल्या कितीतरी देखण्या योजनांना एवढेही साधले नाही.

१९७५ मध्ये सगळी घडी बदलली. १०+२+३ आकृतिबंधानुसार त्या वर्षी नव्या दहावीची पहिली परीक्षा आणि जुन्या अकरावीची शेवटची परीक्षा एकाच वेळी झाली. दोन वर्षांची मुले एकदम बाहेर पडली. कनिष्ठ महाविद्यालये घाईघाईने उघडली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये पार पडली. या बदलाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पूर्वी मॅट्रिकनंतर एकदाच निर्णय घ्यावा लागे, आता तो दोनदा घ्यावा लागू लागला. आणि त्यातला पहिला पंधरा-सोळाव्या वर्षी. कला, वाणिज्य, विज्ञान यांतली निवड निकालानंतरच्या आठ-दहा दिवसांत, रांगेत उभे राहून होऊ लागली. ऐंशी टक्क्यांना विज्ञान, साठला वाणिज्य, उरलेल्यांना कला अशी गुणांची उतरंड लागली आणि तिलाच लोक मार्गदर्शन समजू लागले. १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, अकरावी-बारावीला आले. पण तिकडे जाणे म्हणजे मागे पडणे, असा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच.

ऐंशीच्या दशकात दारे भराभर उघडली. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. नाशिकमध्ये के. के. वाघ संस्थेचे तंत्रनिकेतन आणि पाठोपाठ १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. समाजाचा आधार असलेल्या, १९१४ पासूनच्या मराठा विद्या प्रसारक संस्थेनेही पुढे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणात पाऊल टाकले. जागा वाढल्या तशी माहितीची भूक वाढली. ‘गांवकरी’, ‘देशदूत’सारख्या इथल्या दैनिकांपासून मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांपर्यंत सर्वांच्या मे-जूनच्या पानांवर दहावी-बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांच्या याद्या झळकू लागल्या. कालिदास कलामंदिरात, शाळांच्या सभागृहांत व्याख्याने होऊ लागली. या व्याख्यानांनी एक मोठे काम केले : मर्चंट नेव्ही, हॉटेल व्यवस्थापन, सीए, एनडीए ही नावे निफाड-सिन्नरच्या पालकांच्या कानावर गेली. मात्र बहुतेक वक्ते प्रवेशाबद्दल बोलत. प्रवेशानंतरच्या दहा वर्षांबद्दल फार थोडे.

या उणिवेची सर्वांत मोठी किंमत शिक्षक होण्यासाठी डी.एड. ही पदविका करणाऱ्या मुलामुलींनी मोजली. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, भरती सुरू राहिली आणि बारावीनंतर दोन वर्षांत पक्की नोकरी म्हणून डी.एड.चा सल्ला खेड्यापाड्यांत घरोघर दिला जाऊ लागला. विशेषतः मुलींना. शिक्षक होणे प्रतिष्ठेचे होते, घराजवळ राहता येत होते, त्यामुळे हा सल्ला सद्भावनेचा होता यात शंका नाही. विद्यालये भरमसाट वाढली. पुढे भरती थांबली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचे ‘पवित्र’ पोर्टल आले. दरम्यान पदविका हातात घेऊन बसलेल्या तरुणांची एक पिढी तिशी ओलांडून गेली. पटसंख्या घटते आहे, इतक्या शिक्षकांची गरज उरणार नाही, ही आकडेवारी शिक्षण खात्याकडे होती. ती आकडेवारी बारावीच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. मार्गदर्शनाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे अपयश म्हटले पाहिजे, कारण इथे चूक मुलांच्या निवडीत नव्हती.

प्रवेश परीक्षांचा गोंधळ त्याच काळातला. नव्वदच्या दशकाअखेर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली आणि बारावीचे गुण मागे पडू लागले. वैद्यकीयसाठी २०१३ मध्ये देशपातळीवरची ‘नीट’ झाली, पुढची दोन वर्षे पुन्हा राज्याची सीईटी, २०१६ मध्ये ‘नीट’ सक्तीची करणारा न्यायालयाचा निर्णय आणि त्यातून राज्यांना सूट देणारा अध्यादेश, आणि २०१७ पासून कायमची ‘नीट’. अभियांत्रिकीला २०१४ व २०१५ मध्ये जेईई मेन धरली गेली, २०१६ पासून परत सीईटी. अकरावीत प्रवेश घेताना दोन वर्षांनी कोणती परीक्षा द्यावी लागेल, हे त्या मुलांना कोणीही खात्रीने सांगू शकत नव्हते. मग माहितीची मक्तेदारी खासगी क्लासेसकडे गेली. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग अनेक ठिकाणी हजेरीपटापुरता उरला. क्लास आपल्याकडच्या परीक्षेबद्दल उत्तम मार्गदर्शन करतो. पण ‘ही परीक्षा तुझ्यासाठी नाही’ असे सांगणे त्याच्या हिताचे नसते.

नाशिकची एक देणगी या सगळ्यात वेगळी ठरते. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथे स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. पूर्वतयारी अभ्यासक्रम पूर्ण करून, बारावी नसलेल्या माणसालाही पदवीला प्रवेश देण्याची सोय या विद्यापीठाने केली. शाळा सुटलेला द्राक्षबागेतला मजूर, लग्नानंतर शिक्षण थांबलेली बाई, पोलीस शिपाई अशांसाठी वाट पुन्हा सुरू झाली. दहावी-बारावी बाहेरून देण्यासाठी मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म होताच. त्याच्या पुढची पायरी आता तयार झाली. एकदा हुकले म्हणजे संपले नाही, हे विद्यार्थ्याला सांगता येण्यासाठी आधी तशी व्यवस्था असावी लागते. ती या विद्यापीठाने दिली आणि राज्यभर तिचा उपयोग झाला.

सरकारने सर्व मुलांपर्यंत पोहोचण्याचा पहिला मोठा प्रयत्न २०१६ मध्ये केला. विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना, राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाचा ओढा कुठे आहे, हे शाळेतल्या संगणकावर प्रश्न सोडवून काढले जाई आणि अहवाल गुणपत्रिकेसोबत हाती येई. पुढे अभिक्षमतेची जोड मिळाली, चाचणी मोबाइलवर आली, अहवालासाठी ‘महाकरिअरमित्र’ हे संकेतस्थळ झाले. पन्नास वर्षे मूठभर शाळांत अडकलेली गोष्ट एकदम लाखो मुलांपर्यंत गेली, हे या उपक्रमाचे श्रेय निर्विवाद आहे. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. कल म्हणजे क्षमता नव्हे, आणि अहवालाचा अर्थ उलगडून सांगणारा माणूस बहुतेक शाळांत नव्हता. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीच्या कागदावर ‘ललित कला’ आले, तर त्या शिक्षणासाठी कुठे जायचे, राहायचे कुठे, फी किती, हे कागद सांगत नव्हता.

त्यानंतरच्या वर्षांत बदल वेगाने झाले. नाशिक महापालिका क्षेत्रात २०१७-१८ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. २०२५ मध्ये ती पद्धत राज्यभर लागू झाली. रांगा संपल्या, वशिल्याला आळा बसला. पण पसंतिक्रम भरणे हेच आता एक कौशल्य होऊन बसले. मे २०२० मध्ये युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीसाठी करिअर पोर्टल सुरू झाले. महासाथीत २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली, अकरावीसाठी ठरलेली सीईटी उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली आणि अंतर्गत गुणांवर प्रवेश झाले. ज्या घरात एकच मोबाइल, त्या घरातल्या मुलांना पोर्टलचा आधार अपुरा पडला. २०२३ च्या मे-जूनमध्ये कौशल्य विकास विभागाने राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मतदारसंघनिहाय करिअर शिबिरे भरवली. पुन्हा एकदा निकालाच्याच हंगामात.

याच काळात नाशिकमध्ये दोन उपक्रम मात्र निराळ्या धर्तीचे उभे राहिले. जिल्हा परिषदेने २०२२ मध्ये ‘सुपर ५०’ सुरू केले. परिस्थितीने मागे राहिलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या निवडक विद्यार्थ्यांना अकरावी-बारावीची दोन वर्षे निवासी ठेवून जेईई व सीईटीची तयारी करून द्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. दुसरा उपक्रम मुलींचा. एनडीएची दारे मुलींना उघडल्यावर, छत्रपती संभाजीनगरमध्ये १९७७ पासून मुलांसाठी असलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेच्या धर्तीवर, २०२३ मध्ये नाशिकला खास मुलींची संस्था सुरू झाली. दोन्हींची संख्या लहान आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवणच्या एकूण विद्यार्थ्यांपुढे ती फारच थोडी. पण इथे सल्ला, राहण्याची सोय, शिकवणी आणि पुढची परीक्षा या चारही गोष्टी एका हाताखाली आहेत, म्हणून त्यांतून निघणारे मूल मधेच गळत नाही. मोठ्या योजनांनी शिकावे ते इथून.

उरते ते कागदपत्रांचे काम, आणि ते मार्गदर्शनाचा भाग मानलेच जात नाही. जातप्रमाणपत्राचा कायदा २००१ मध्ये अमलात आल्यापासून राखीव जागेवरच्या व्यावसायिक प्रवेशाला जातवैधता लागते. नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज यांची भर वेगळी. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, पण उत्पन्नाचा दाखला वेळेत नसेल तर ही माफी मिळवताना दमछाक होते. वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात आणि त्याला महिने जातात. म्हणून शाळांनी नववीच्या वर्गातच, जून महिन्यात, या कागदांची यादी पालकसभेत वाचून दाखवावी. प्रत्येक मुलाच्या घरी कोणता कागद आहे आणि कोणता काढायचा, याची नोंद ठेवावी. आणि जातवैधतेचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच भरून घ्यावा.