‘जीभ जड’ म्हणून थांबू नका
चार वर्षांचं लेकरू ‘पाणी’ला एकदा ‘पाती’, एकदा ‘बानी’ म्हणतं, बोलताना ओठ चाचपडतात. कारण ओठ-जिभेच्या हालचालींचा क्रम मेंदूत नीट जुळत नाही. लेकरू आळशी नाही, मंदही नाही. वेखंड चोळून किंवा जिभेखाली चीर देऊन हे जात नाही.

आधी सिव्हिलमध्ये कान तपासा, मग वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा. ते हालचालच शिकवतात: माझ्या तोंडाकडे बघ, सोबत सावकाश म्हण, मग माझ्यामागून, मग एकट्यानं. घरीही रोज तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं, त्यांनी दिलेले मोजके शब्द घ्या. हसू नका.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना सांगा. या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत उपचार मोफत आहेत. शाळेत पोरं चिडवायला लागण्याआधी सुरुवात करा.