जुन्या स्पोर्ट्स कारमधील इंधन अंतःक्षेपण इंजिनाचे दोषनिदान

इंधन अंतःक्षेपण इंजिनाचे दोषनिदान म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरद्वारे पेट्रोल मिळणारे इंजिन नीट चालत नसल्यास त्यामागील कारण क्रमाक्रमाने शोधण्याची पद्धत होय. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हे काम विशेष कठीण असते. अशा गाड्यांत बहुधा स्वयंनिदानाची सोय नसते, सुटे भाग दुर्मीळ असतात आणि वायरिंग जीर्ण झालेले असते. चाचणी न करता भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो व मूळ दोष तसाच राहतो. महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत घाटरस्ते, अतिवृष्टीचा पश्चिम भाग, पर्जन्यछायेतील कोरडा पूर्व भाग आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांमुळे या निदानाला काही स्थानिक बाबींचीही जोड मिळते.

पार्श्वभूमी

मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या १९५४ च्या स्पोर्ट्स कारमध्ये यांत्रिक पद्धतीचे थेट इंधन अंतःक्षेपण होते. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये आली. १९७३-७४ मध्ये के-जेट्रॉनिक व एल-जेट्रॉनिक या प्रणाली आल्या. इंधन व प्रज्वलन या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे देणारी मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बाजारात आली.

भारतात १ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली आणि पेट्रोल मोटारींमधून कार्ब्युरेटर झपाट्याने मागे पडला. याच काळातील सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची भारतीय स्पोर्ट्स कार रेनॉल्टच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनावर चालत असे. भारतातील मोटारींना ओबीडी ही स्वयंनिदान व्यवस्था २०१० नंतर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यामुळे त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत स्कॅनर जोडून दोष वाचता येईलच असे नाही.

सातारा व सांगली परिसराला इंजिनांच्या कामाची जुनी परंपरा आहे. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत १९१० मध्ये वसली. साताऱ्यात कूपर उद्योगसमूहाने डिझेल इंजिने, तर महाराष्ट्र स्कूटर्सने 'प्रिया' स्कूटर तयार केली. मात्र कार्ब्युरेटरच्या इंजिनात कानाने व हाताने 'सेटिंग' करता येते, तसे अंतःक्षेपण प्रणालीत करता येत नाही. तेथे मोजमाप घ्यावे लागते.

कार्यपद्धती

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. इंजिनात किती हवा येते हे हवामापक किंवा मॅनिफोल्डमधील दाबाचा संवेदक सांगतो. संगणक त्यानुसार इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवतो. शीतक द्रवाचे तापमान, थ्रॉटलची स्थिती व इंजिनाची गती यांनुसार त्यात दुरुस्ती होते. लॅम्डा संवेदक असल्यास तो धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रणाची पडताळणी करतो.

मिश्रणात पेट्रोल कमी असल्यास ते 'पातळ' आणि जास्त असल्यास 'दाट' समजले जाते. पातळ मिश्रणामुळे पिकअप मिळत नाही, इंजिन धक्के देते व प्लग पांढरट दिसतो. दाट मिश्रणामुळे काळा धूर, पेट्रोलचा वास व काळवंडलेला प्लग ही लक्षणे दिसतात. एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन न होण्याला गॅरेजमध्ये 'मिसिंग' म्हणतात. ते मिश्रण, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कशामुळेही होऊ शकते.

निदानाचा क्रम

विद्युतपुरवठा : संगणक व इंजेक्टर विशिष्ट व्होल्टेजवर अवलंबून असतात, म्हणून सुरुवात बॅटरीपासून केली जाते. बंद गाडीत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवते. इंजिनाची अर्थिंग गंजलेली असल्यास अनेक संवेदकांचे संकेत एकाच वेळी बिघडतात आणि दोष संगणकात असल्याचा भास होतो. इंधन पंपाचा रिले तापल्यावर बंद पडत असल्यास गाडी वाटेत थांबते व काही वेळाने आपोआप सुरू होते.

ठिणगी व कॉम्प्रेशन : प्लग, प्लग वायर, कॉइल व डिस्ट्रिब्युटर असल्यास त्याचे झाकण तपासले जाते. निरोगी पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन साधारण १० ते १३ बार असते. एकाच सिलिंडरचे माप बरेच कमी आल्यास वाल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट यांचा दोष संभवतो आणि इंधन प्रणालीवर खर्च करणे व्यर्थ ठरते.

हवागळती : जुन्या रबरी नळ्यांना तडे गेल्यास न मोजलेली हवा आत शिरते. हवामापक असलेल्या इंजिनात यामुळे मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते, तर दाबसंवेदक असलेल्या इंजिनात आयडलिंगची गती वाढते. हवामापक असलेल्या अनेक इंजिनांत चालू स्थितीत ऑइलचे झाकण उघडल्यास आयडलिंग बिघडते. काहीच फरक न पडल्यास आधीच कोठेतरी हवा शिरत असल्याची शंका घेतली जाते.

इंधनाचा दाब : एल-जेट्रॉनिक प्रकारच्या प्रणालीत दाब साधारण २.५ ते ३ बार असतो. आयडलिंगला दाबनियंत्रकाची व्हॅक्यूम नळी काढल्यास दाब सुमारे अर्ध्या बारने वाढायला हवा. त्या नळीत पेट्रोल आढळल्यास नियंत्रकाचा पडदा फाटलेला असतो व मिश्रण दाट होते. इंजिन बंद केल्यावर दाब लगेच उतरत असल्यास गरम इंजिन पुन्हा सुरू होण्यास त्रास देते, कारण नळीत पेट्रोलची वाफ होते.

संवेदक : शीतक तापमान संवेदकाचा दोष नेहमी आढळतो. बॉशच्या प्रचलित संवेदकाचा रोध २० अंश सेल्सियसला सुमारे २ ते ३ किलोओहम, तर ८० अंशाला सुमारे ३०० ओहम असतो. त्याची वायर तुटल्यास संगणक इंजिन अतिशय थंड असल्याचे समजून जास्त पेट्रोल देतो. लॅम्डा संवेदकाचा संकेत गरम इंजिनात सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट यांदरम्यान हलत राहतो. मिसिंग होत असल्यास न वापरलेला ऑक्सिजन धुरात जातो आणि संवेदक मिश्रण पातळ असल्याचे चुकीने दाखवतो. म्हणून ठिणगीचा दोष दूर करण्यापूर्वी लॅम्डाच्या संकेतावर विसंबून राहत नाहीत.

पीयूसी चाचणीचे आकडे

पीयूसी केंद्रावरील आकडेही निदानास उपयोगी पडतात. भारत स्टेज-२ मानकाच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के व हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असल्यास मिश्रण दाट असते. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त असल्यास मिसिंग किंवा अतिपातळ मिश्रणाची शक्यता असते.

घाट व उंचीचा परिणाम

सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब सांगलीपेक्षा अंदाजे ९ टक्क्यांनी कमी असतो. झडप असलेला जुना हवामापक हवेचे वजन थेट मोजत नाही, त्यामुळे उंचीवर मिश्रण काहीसे दाट होते. काही गाड्यांत यासाठी वेगळा उंची-संवेदक दिलेला असतो.

वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटात किंवा पुणे-सातारा मार्गावरील खंबाटकी घाटात गाडी दम तोडत असल्यास कारण उंची आहे की भार, हे आधी ठरवावे लागते. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावरही तोच दोष दिसला, तर कारण भाराशी निगडित असते. तुंबलेला इंधन फिल्टर, थकलेला पंप किंवा भाराखाली तुटणारी ठिणगी ही त्याची नेहमीची कारणे होत. दोष केवळ वर पोहोचल्यावर, आयडलिंगलाही जाणवत असल्यास मिश्रणाच्या उंचीनुसार होणाऱ्या दुरुस्तीकडे लक्ष द्यावे लागते.

हवामान व इथेनॉलमिश्रित पेट्रोल

साताऱ्याच्या पश्चिमेस दीर्घ पावसाळ्यात जोडण्यांवर गंज चढतो. सांगलीच्या जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत धुळीमुळे एअर फिल्टर लवकर तुंबतो.

कृष्णा खोऱ्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात इथेनॉलचेही उत्पादन होते. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले ई२० पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. त्याच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १३.५ पट हवाच लागते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या व लॅम्डा संवेदक नसलेल्या इंजिनात मिश्रण पातळ होते. लॅम्डा असलेले इंजिन ही तूट बहुधा भरून काढते, परंतु पूर्ण थ्रॉटलला ही दुरुस्ती सहसा बंद असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेतो आणि जुन्या प्रकारच्या रबराला हानी पोहोचवू शकतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी साचणे, टाकीतील गंज फिल्टरमध्ये येणे व इंजेक्टर चिकटणे हे दोष म्हणूनच प्रथम तपासले जातात.

सुरक्षितता

अंतःक्षेपण प्रणालीतील पेट्रोल दाबाखाली असते. तडा गेलेल्या नळीतून उडालेला फवारा गरम एक्झॉस्टवर पडल्यास आग लागते, आणि फायबरची बॉडी पेट घेणारी असते. त्यामुळे नळी सोडण्यापूर्वी दाब उतरवणे, बॅटरी सोडवणे व अग्निशामक जवळ ठेवणे आवश्यक असते. साधी कार्ब्युरेटरची नळी व क्लिप या दाबासाठी बनवलेल्या नसल्याने त्या येथे वापरत नाहीत. पेट्रोलचा वास येणारी गाडी दोष सापडेपर्यंत चालवली जात नाही.

हे सुद्धा पहा

कार्ब्युरेटर
अंतर्ज्वलन इंजिन
इथेनॉल
किर्लोस्करवाडी
खंबाटकी घाट