डेलिन्क्वन्सी: बँकेतली आणि बाल न्याय मंडळातली

बँकेत 'डेलिन्क्वन्सी' म्हणजे थकलेला हप्ता. बाल न्यायाच्या चर्चेत हाच शब्द बालगुन्हेगारीसाठी येतो. मूळ लॅटिन, अर्थ कर्तव्यात कसूर.

बँकेचा हिशेब सरळ आहे. मुदत कर्जाचा हप्ता थकला की खातं 30 दिवसांपर्यंत एसएमए-0 (एसएमए म्हणजे विशेष लक्ष ठेवायचं खातं), 60 पर्यंत एसएमए-1, 90 पर्यंत एसएमए-2. त्यापुढे एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज.

मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याने शब्दच बदलला. 1986 च्या बाल न्याय कायद्यात 'डेलिन्क्वन्ट जुव्हेनाइल' होता. वयोमर्यादा मुलांना 16, मुलींना 18. 2000 च्या कायद्याने ती सरसकट 18 केली आणि तो शब्द वगळला. म्हणून आता मराठी बातम्यांत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असं वाचायला मिळतं.

2015 च्या कायद्यानुसार अशा मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यात किमान एक स्त्री. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं. मगच खटला बाल न्यायालयाकडे पाठवता येतो.

आणि ओळख? कलम 74 नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'संवादाची इतर माध्यमं' असंही त्यात म्हटलं आहे, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा फोटोही अडचणीत आणू शकतो.