बालशिक्षणातील डिजिटल साधने आणि प्रौढांचा सहभाग

प्रस्तावना :
मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली-दुसरीच्या मुलांपर्यंत शिक्षण पोहोचविण्याचा भार मोबाइलवर येऊन पडला. पुढे शाळा सुरू झाल्या, तरी मोबाइल मुलांच्या हाती राहिला. हे साधन बालशिक्षणास साहाय्यक केव्हा ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूल कोणाकडून शिकते? :
अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी भाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांवर केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बालकांशी मँडरिन भाषक व्यक्ती प्रत्यक्ष बोलल्या, खेळल्या. इतरांना केवळ मुद्रित चित्रफीत दाखविली अथवा ध्वनिफीत ऐकविली. प्रत्यक्ष सहवास लाभलेली बालके त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू लागली. मुद्रणातून मात्र तसे शिक्षण घडले नाही. समोरची व्यक्ती मुलाची नजर पाहून थांबते, पुन्हा सांगते. चित्रफितीस हे साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन वर्षांखालील बालकांसाठी पडदा टाळण्याची, तर दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा सुचविली.

महाराष्ट्रातील संदर्भ :
सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना लाभला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरही पाठांना पूरक साहित्य उपलब्ध आहे. तथापि, कोड उघडतो तो पालकांच्या मोबाइलवर. आई-वडील दोघेही मजुरीस जात असतील, तर तो मोबाइल सायंकाळीच घरी येतो. अशा घरासाठी तासाभराच्या चित्रफिती निरुपयोगी होत. दहा मिनिटांची एक गोष्ट पालकांनी मुलासह पाहावी, मोबाइल बाजूला ठेवावा आणि तीच गोष्ट मुलाकडून ऐकावी. पडद्यावर मोजलेले अंक नंतर चिंचोक्यांनी मोजावेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधने मानले होते. ती दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

निष्कर्ष :
डिजिटल साधन हे शिक्षकाचा वा पालकाचा पर्याय नव्हे. मूल, साधन आणि प्रौढ व्यक्ती एकत्र येतात, तेथेच त्याचा लाभ होतो. म्हणून साहित्यनिर्मितीबरोबरच पालकांना त्याच्या वापराचे सोपे मार्गदर्शन देणे अगत्याचे आहे. अन्यथा ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे, तीच मुले पडद्यासमोर एकटी राहतील.