खाडीकाठचा झाडोरा

धरमतरच्या खाडीकाठी कुणी जागा घेतली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी हा झाडोरा साफ करून घेऊ." आमच्या शेजारच्या वाडीत असाच जेसीबी आला आणि सापांच्या भीतीने केवड्याचं बन मुळासकट काढलं. पहिल्या पावसात तिथे घाणेरी तरारून आली. घाणेरी कोकणचं रानफूल नव्हे, ती अमेरिकेच्या उष्ण भागातून शोभेसाठी आणलेली पाहुणी आहे. केवडा मात्र इथलाच.

केवड्याच्या वासाला साप येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. साप फुलांच्या वासामागे येत नाही. केवड्याच्या काटेरी गचपणात उंदीर-बेडूक आसऱ्याला असतात, सावली असते, म्हणून येतो. पेंढ्याच्या उडवीखालीही तो त्याच कारणाने सापडतो. आणखी एक घोटाळा म्हणजे अननसासारखं फळ धरणारं झाड लोकांना वेगळ्याच जातीचं वाटतं. ती केवड्याची मादी. घमघमणारं कणीस फक्त नराला येतं.

कुंपणावर पावसाळ्यात कळलावी चढते. तिचं फूल घरात आणलं की भांडणं लागतात म्हणे. भांडणाचं सोडा, भिण्यासारखं आहे ते तिच्या कंदात. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, कारण कंद नांगरासारखा वाकडा असतो. त्यात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. रानातला खाण्याचा कंद समजून तो खाल्ला तर माणूस दगावू शकतो. फूल लांबून डोळे भरून पाहावं. आधी हिरवट पिवळं, मग पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळत लालबुंद होतात. पोरांना मात्र मुळाशी उकरू देऊ नये.

बांध उतरला की तिवरं लागतात, आणि सगळ्यात जास्त गैरसमज यांच्याच वाट्याला आले आहेत. तिवरांमुळे शेत खारं झालं, असं पेण-अलिबागकडे सर्रास बोललं जातं. क्रम उलटा आहे. उधाणात खारबांधाला खांड पडते, ती वेळेवर बुजवली जात नाही, भरतीचं पाणी दिवसातून दोनदा भातखाचरात शिरतं. भात मरतो आणि त्या खाऱ्या चिखलात जगू शकणारं तिवर रुजतं. ज्याची पिकती जमीन अशी गेली त्या शेतकऱ्याचा राग मला पूर्ण पटतो. पण तो न बुजवलेल्या खांडीवर काढायला हवा. तिवर नंतर आलेलं आहे.

एकदा तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा. खारट लागतं. मुळांनी बरंचसं मीठ बाहेरच अडवलेलं असतं, उरलेलं पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. उन्हात त्याचे बारीक कण चमकतात. झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखे खुंट वर आलेले असतात. ते तोडलेल्या फांद्यांचे उरलेले बुडखे नव्हेत, ती श्वासमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड तिथून श्वास घेतं. त्यामुळेच "आम्ही एकही झाड तोडलं नाही, नुसती माती टाकली" या म्हणण्याला अर्थ नाही. भरावाखाली श्वासमुळं गाडली की झाड उभ्या उभ्या गुदमरतं.

"जमीन माझ्या सातबाऱ्यावर आहे" हेही उत्तर चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये कांदळवनांच्या, म्हणजे तिवरांसारख्या खाडीतल्या झाडांच्या वनांच्या, तोडीला मनाई केली आणि २०१८च्या निकालात ती पक्की केली. जमीन सरकारी असो वा खासगी, तोड नाही. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरांत बांधकाम नाही, राडारोडा टाकणंही नाही.

कांदळाला लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगा खरं तर शेंगा नसतात. बी झाडावरच रुजतं आणि तयार झालेलं रोप खाली सुटतं. चिखलात रुतलं तर तिथेच, नाहीतर भरती नेईल तिथे. याच झाडांच्या मुळांच्या गुंत्यात कोळंबीची पिल्लं वाढतात, चिखलावर निवट्या उड्या मारतात. ज्या जिताडा माशासाठी रायगडकर जीव टाकतात, त्याची लहान पिल्लंही अशाच निमखाऱ्या पाण्यात आसरा घेतात.

राहिला शेवटचा समज, खाजणात फुलं कुठली? मारांडीची निळी-जांभळी फुलं बघायला तिच्या काटेरी पानांपर्यंत वाकावं लागतं, एवढंच. चिपीचं फूल मात्र दिवसा येणाऱ्याला सहसा भेटत नाही. पांढरी चिपी महाराष्ट्राने २०२०मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली. तिची कळी संध्याकाळी उमलते, पांढऱ्या केसरांचा झुबका उघडतो, रात्री वटवाघळं आणि पतंग मधासाठी येतात. उजाडेपर्यंत केसर गळू लागतात. पहाटे जाळं टाकायला निघालेल्या होडीला ते पाण्यावर तरंगताना दिसतात.